होणाऱ्या जावयांचे आडनाव ‘वॉकर’: मूळ, अर्थ आणि लग्नपत्रिकेचा प्रश्न

पत्राचा सारांश: माझी मुलगी सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरी करते. तिचे लग्न तेथील एका मुलाशी ठरले आहे. मुलगा आणि त्याचे आईवडील आम्हाला मनापासून आवडले आहेत. त्याचे आजी-आजोबा हडर्सफील्डजवळच्या होमफर्थ गावी राहतात. मुलाचे आडनाव वॉकर. आमच्या घरातील एक ज्येष्ठ नातेवाईक म्हणतात की वॉकर म्हणजे चालत हिंडणारे, म्हणजे पूर्वीचे भटके लोक असणार, त्यांना ना गाव ना कूळ. दुसरे कोणी त्या नावाच्या दारूच्या बाटलीची आठवण काढतात. माझ्या पुतण्याने इंटरनेटवर ‘वॉकर घराण्याचे कुलचिन्ह’ शोधले असून ढाल आणि शिरस्त्राणाचे ते चित्र पत्रिकेवर छापावे असा त्याचा आग्रह आहे. मुलीने हे आडनाव लावावे की नाही, यावरूनही दोन तट पडले आहेत. आमचा छापील कुलवृत्तांत आहे. जावयांच्या घराण्याची तशी माहिती मिळेल का? हे आडनाव नेमके कसले आहे? – एक आई, इचलकरंजी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र इचलकरंजीहून आले आहे याचा मला विशेष आनंद वाटला, कारण ज्या आडनावाविषयी तुम्ही विचारले आहे ते आडनाव कापडाच्या धंद्यातून आलेले आहे, आणि मागाचा आवाज ऐकत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगणे फार सोपे जाते. वॉकर म्हणजे लोकरीचे कापड मागावरून उतरल्यानंतर ते पाण्यात पायांनी तुडवून घट्ट करणारा कारागीर. भटकण्याशी या आडनावाचा संबंध नाही.

तुमच्या ज्येष्ठ नातेवाइकांचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. ‘वॉक’ या क्रियापदाचा आज सर्वांना ठाऊक असलेला अर्थ चालणे हाच आहे, आणि त्यावरून वॉकर म्हणजे चालणारा हे अनुमान कोणीही करील. परंतु तो अर्थ या शब्दाला बराच उशिरा चिकटला. जुन्या इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले त्याच्या आधीच्या भाषेत, ‘वेआल्कन’ असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ लोळवणे, घुसळणे, इकडून तिकडे उलटेपालटे करणे असा होता. उसळणाऱ्या समुद्राच्या वर्णनात ते येते. त्याच्यापासून झालेला ‘वेआल्केरे’ हा शब्द कापड तुडवणाऱ्या कारागिरासाठी वापरला जात असे. पायी चालणे हा अर्थ साधारणपणे इसवी सन १२०० च्या सुमारास पुढे आला आणि हळूहळू त्याने जुन्या अर्थाला भाषेतून बाहेर काढले. आडनावात मात्र जुना अर्थ तसाच राहिला. काही व्युत्पत्तिकार या क्रियापदाचे मूळ ज्या प्राचीन धातूशी जोडतात, त्याच धातूशी ते संस्कृतातील ‘वल्’ही जोडतात. आपले ‘वळणे’ हे क्रियापद त्या ‘वल्’पासून आलेले आहे. हे नाते मान्य केले, तर लाडू वळणाऱ्या हाताचा आणि कापड घुसळणाऱ्या पायांचा शब्द दूरच्या भावकीतला ठरतो.

आता हे काम काय होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आडनावाचा सगळा मान त्या कामात आहे. सुती कापड मागावरून उतरले की खळ धुऊन काढली आणि हवी ती प्रक्रिया केली म्हणजे ते बाजारात जाऊ शकते. लोकरीच्या कापडाचे तसे नसते. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ असते, धाग्यांमधून उजेड दिसतो, त्यात मेंढीच्या अंगची चरबी आणि कातताना लावलेले तेल भरलेले असते, आणि ते अंगावर घेतले तर वारा अडवत नाही. म्हणून ते कापड मोठ्या द्रोणीत पाणी घालून तासन्‌तास तुडवावे लागे. चरबी सुटावी म्हणून पाण्यात साठवून आंबवलेले मूत्र घालत, कारण त्यातील अमोनिया साबणाचे काम करतो. यॉर्कशायरच्या कापड विणणाऱ्या गावांतून ते घरोघरी जाऊन गोळा करण्याची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. त्याबरोबर तेल शोषून घेणारी एक विशिष्ट माती वापरत. ती माती तुमच्या परिचयाची आहे: आपण तिला मुलतानी माती म्हणतो, आणि इंग्रजीत तिचे नाव आजही ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याची माती, असेच आहे. सरे परगण्यात तिच्या जुन्या खाणी होत्या, आणि कापडाच्या धंद्यात तिचे मोल इतके होते की सतराव्या शतकात तिची निर्यात कायद्याने बंद करण्यात आली होती.

तुडवल्याने नुसता मळ जात नाही, कापडही आटते. लोकरीच्या तंतूवर अतिशय बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की ते खवले एकमेकांत अडकतात आणि तंतू जवळ ओढले जातात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला तर तो लहान मुलाला बसेल इतका आटतो, हा अनुभव पुष्कळ घरांत येऊन गेलेला असतो. घरात ज्याला नुकसान म्हणतात तेच या कारागिराचे कौशल्य होते. कापड किती आटवायचे, कोठे थांबायचे, ते सगळीकडे सारखे घट्ट झाले आहे की नाही, हे त्याच्या पायांना कळावे लागे. मग स्वच्छ पाण्यात धुऊन ते उघड्या मैदानावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळवत. एवढे झाल्यावर त्याला कापड म्हणण्याजोगे रूप येई.

या कामाची यांत्रिक सोय जेथे लवकर झाली, त्यांतील एक ठिकाण तुमच्या मुलीच्या घरापासून फार लांब नाही. नाइट टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने ११८५ मध्ये आपल्या इंग्लंडमधील मालमत्तेची पाहणी करवली होती, आणि इंग्लंडमधल्या पाण्यावर चालणाऱ्या कापड तुडवण्याच्या गिरण्यांच्या सर्वांत जुन्या नोंदी त्या पाहणीत आहेत. त्यांतील एक गिरणी न्यूसम येथे होती, म्हणजे आज लीड्स शहराच्या हद्दीत असलेल्या टेम्पल न्यूसम येथे. पाणचक्कीने लाकडी हातोडे वर उचलले जात आणि ते कापडावर पडत. माणसाच्या पायांची जागा हातोड्यांनी घेतली, तरी उत्तर इंग्लंडमध्ये लोक त्या गिरणीला ‘वॉक मिल’ आणि ती चालवणाऱ्याला वॉकर म्हणत राहिले. टेम्पल न्यूसमला आता जुना वाडा आणि मोठे उद्यान आहे; मुलीला आणि जावयांना एखाद्या रविवारी तेथे जायला जरूर सांगावे.

या आडनावाचे मला सर्वांत मनोहर वाटणारे अंग आता सांगतो. कापड तुडवण्याच्या या एकाच धंद्याने इंग्रजीला तीन आडनावे दिली आहेत आणि ती तिन्ही प्रदेशांनुसार वाटली गेली आहेत. दक्षिणेत आणि पूर्वेत या कारागिराला फुलर म्हणत, आणि तो शब्द लॅटिनमधून आला. नैऋत्येकडे, म्हणजे डेव्हन आणि सॉमरसेट या परगण्यांत, त्याला टकर म्हणत. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाने १४७१ मध्ये बांधलेली ‘टकर्स हॉल’ ही वास्तू आजही उभी आहे. उत्तरेत आणि इंग्लंडच्या मध्य भागात त्यालाच वॉकर म्हणत. आपल्याकडे एकच पदार्थ कोकणात एका नावाने आणि देशावर दुसऱ्या नावाने ओळखला जातो तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे कोणाचे आडनाव टकर असेल तर त्याचे पूर्वज बहुधा नैऋत्येचे आणि वॉकर असेल तर बहुधा उत्तरेचे किंवा मध्य भागाचे, असा अंदाज बांधता येतो. एका कुटुंबाबाबत तो चुकू शकतो, पण हजारो कुटुंबांचा नकाशा काढला की तो खरा दिसतो. तुमचे व्याही यॉर्कशायरचे आहेत, म्हणजे ते या आडनावाच्या माहेरघरीच राहत आहेत.

फुलर आणि वॉकर हे एकच, याला चौदाव्या शतकाचा लेखी पुरावाही आहे. त्या शतकाच्या अखेरीस विक्लिफ यांच्या नावाने ओळखले जाणारे बायबलचे इंग्रजी भाषांतर झाले. मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रे इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरील कोणताही धोबी तशी करू शकणार नाही, असे वर्णन आहे. तेथे या भाषांतराच्या आधीच्या पाठात फुलर हा शब्द घालून ‘किंवा कापडाचा वॉकर’ असा खुलासा जोडलेला आहे. म्हणजे दोन्ही प्रदेशांच्या वाचकांना कळावे म्हणून भाषांतरकारांनी दोन्ही शब्द दिले. मराठी बायबलमध्ये त्या जागी परीट आला आहे. आपल्याकडे लोकरीचे कापड तुडवण्याचा असा स्वतंत्र धंदा रूढ नसल्याने मराठी भाषांतरकारांनी सर्वांत जवळचा कारागीर निवडला, आणि माझ्या मते ती निवड योग्यच होती.

शेजारच्या भाषांतही हाच कारागीर भेटतो. जर्मन भाषेत अशा गिरणीला ‘वाल्कम्यूले’ म्हणतात आणि ‘वाल्कर’ हे आडनाव तेथेही आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक बोलणाऱ्या लोकांत ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाचे आडनाव होते, आणि इंग्रजीचा प्रसार झाला तेव्हा अशा काही घराण्यांनी त्याचे सरळ भाषांतर करून वॉकर हे नाव घेतले. त्याच प्रदेशाच्या पश्चिमेकडील बेटांवर बायका ओले कापड मेजावर आपटत, घोळवत, ताल धरून गाणी म्हणत. ती गाणी आजही जतन केलेली आहेत. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आपल्या कानांना त्यांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

आता धंद्याचे आडनाव कसे झाले, तेही थोडक्यात पाहू. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आडनावे नॉर्मन विजयानंतर आधी जमीनदारांत आली आणि सामान्य माणसांत ती साधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकांत स्थिरावली. उत्तरेत हे काम दक्षिणेच्या मानाने उशिरा झाले. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या यॉर्कशायरच्या पश्चिम भागासाठी चांगल्या टिकल्या आहेत. त्या करात सामान्य माणसाला ४ पेन्स आणि कारागिराला ६ पेन्स असा दर असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिला गेला, आणि आडनाव अजून कामाला चिकटलेले आहे की सुटून नुसते नाव झाले आहे, हे त्या याद्यांवरून अभ्यासकांना ताडता येते. पुढे मुलगा शेती करू लागला, नातू चर्चमध्ये गेला, तरी नाव वॉकरच राहिले. जोशी आडनावाचा माणूस पंचांग पाहत नाही आणि देशपांडे आडनावाच्या माणसाकडे परगण्याचे दप्तर नसते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. न्यूकॅसल शहराच्या पूर्वेस, रोमन सम्राट हेड्रियन याने बांधवलेल्या भिंतीच्या टोकाजवळ, वॉकर नावाचीच एक वस्ती आहे, आणि त्या नावाचा अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’ असा आहे. त्या परिसरातील काही घराण्यांचे आडनाव या गावावरून आलेले असू शकते. राजाच्या जंगलात गस्त घालणारा म्हणून वॉकर, अशीही एक कथा सांगितली जाते. कुलचिन्हे विकणाऱ्यांना ती विशेष आवडते, परंतु या आडनावाची मोठी संख्या कापडाच्या धंद्यावरूनच समजते, जंगलाच्या गस्तीवरून ती समजत नाही.

संख्येविषयी तुम्ही विचारले नाही, पण ती ठाऊक असणे पुढच्या दोन प्रश्नांसाठी उपयोगी आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याने १८५३ च्या नोंदींवरून सर्वाधिक आढळणाऱ्या ५० आडनावांची यादी केली होती, त्यात वॉकर पहिल्या विसांत होते, आणि आजही ते त्या देशातील अतिशय प्रचलित आडनावांपैकी एक आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे पाच लाखांहून अधिक लोक होते आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्या एका आकड्यामागे गुलामगिरीचा मोठा इतिहास उभा आहे. १८६५ मध्ये मुक्त झालेल्या लोकांपैकी काहींकडे पूर्वीच्या मालकांची आडनावे आली, काहींनी स्वतः निवडली, आणि त्यांच्या वंशजांच्या आडनावात यॉर्कशायरच्या कापडाची द्रोणी अशा वाटेने येऊन राहिली. लुईझियाना राज्यात १८६७ मध्ये जन्मलेल्या साराह ब्रीडलव्ह यांचे आईवडील गुलामगिरीत राहिलेले होते. त्यांनी पती चार्ल्स जोसेफ वॉकर यांचे नाव घेऊन मॅडम सी. जे. वॉकर या नावाने केशप्रसाधनांचा मोठा उद्योग उभारला, आणि घटस्फोटानंतरही ते नाव सोडले नाही, कारण तोवर ते त्यांच्या कर्तृत्वाचे नाव झालेले होते.

आडनाव इतके पसरलेले असणे याचा अर्थ असा की ते एका घराण्याचे नाही. प्रत्येक नदीकाठी गिरणी होती, प्रत्येक गिरणीत वॉकर होता, आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असण्याचे कारण नव्हते. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटिश आडनावे आणि बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र यांची तुलना केली, तेव्हा दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत मोठे साम्य आढळले, आणि स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात ते जवळजवळ आढळले नाही. वॉकर हे दुसऱ्या प्रकारचे आडनाव आहे. म्हणून ‘वॉकर घराणे’ असा शब्दप्रयोग तुमच्या व्याह्यांच्या कुटुंबापुरता करावा, सर्व वॉकरांसाठी तो करता येत नाही.

बाटलीवरच्या चित्राविषयीही सांगतो, कारण नातेवाइकांच्या मनातला चालणारा माणूस बहुधा तेथूनच आला आहे. जॉन वॉकर यांनी स्कॉटलंडमधील किल्मारनॉक येथे १८२० मध्ये किराणा मालाचे दुकान काढले आणि त्या दुकानातून पुढे व्हिस्कीचा व्यवसाय वाढला. ढांगा टाकत निघालेल्या गृहस्थाचे चित्र टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ मध्ये काढले. ते नावाच्या आजच्या अर्थावरची जाहिरातीची कल्पना होती, आडनावाचा इतिहास तिच्यात शोधू नये. बाटलीपेक्षा आपल्या घरात सांगण्याजोगे वॉकर दुसरे आहेत. घासून पेटणारी काडी तयार करून १८२७ मध्ये ती विकायला सुरुवात करणारे स्टॉकटन गावचे औषधविक्रेते जॉन वॉकर होते. आणि मराठ्यांच्या इतिहासाशी ज्यांचा थेट संबंध आला ते अलेक्झांडर वॉकर बडोद्याच्या गायकवाड दरबारी रेसिडेंट होते. काठेवाडच्या संस्थानिकांनी द्यायची खंडणी १८०७ मध्ये ठरवून देण्याचा करार त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यामुळे तेथे दरवर्षी मुलूखगिरीची फौज पाठवण्याची गरज उरली नाही. हे आडनाव मराठी दप्तरात दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेले आहे.

आता कुलचिन्हाकडे वळतो, आणि येथे माझे मत ठाम आहे: ते चित्र पत्रिकेवर छापू नये. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला दिले जात नाही. ते एका व्यक्तीला दिले जाते आणि नियमाप्रमाणे त्या व्यक्तीच्या वंशजांकडे जाते. हे काम पाहणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था तिसऱ्या रिचर्ड राजाने १४८४ मध्ये सनद देऊन स्थापन केली आणि ती लंडनमध्ये आजही काम करते. वॉकर आडनावाच्या काही व्यक्तींना वेगवेगळ्या काळी अशी चिन्हे मिळालेली आहेत, परंतु त्यांपैकी एखादे उचलून ‘वॉकरांचे चिन्ह’ म्हणून विकणे म्हणजे दुसऱ्याच्या घरची सनद आपल्या नावावर लावण्यासारखे आहे. तुमच्या पुतण्याचा हेतू चांगला आहे, नव्या नात्याचा मान वाढावा असे त्याला वाटते, म्हणून त्याला रागावू नका. त्याला इतकेच सांगा की जावयांच्या घरच्यांनी स्वतः कधी न वापरलेले चिन्ह आपण परस्पर त्यांच्या नावापुढे छापले, तर मांडवात त्यांनाच संकोच वाटेल.

ज्येष्ठ नातेवाइकांशी बोलताना मात्र मी तुम्हाला थोडी काळजी घ्यायला सांगेन. ‘ते भटके नव्हते, कारागीर होते’ एवढे म्हटले तर वाद मिटेल, पण त्या उत्तरात भटक्या माणसाला कूळ नसते हे आपण मान्य केल्यासारखे होते, आणि ते मला मान्य नाही. आपल्या महाराष्ट्रात मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या लोकरीची घोंगडी सणगर विणतात, आणि त्या फिरणाऱ्या माणसांची कुळे, दैवते आणि वंशपरंपरा कोणत्याही छापील कुलवृत्तांताइकीच जुनी आहे. तुम्ही त्यांना या आडनावामागचे काम सांगा, तेही आधी कापडाच्या गावचा माणूस म्हणून सांगा; इचलकरंजीत राहणाऱ्या माणसाला कापड तयार करणाऱ्याचा कमीपणा वाटेल असे मला वाटत नाही.

कुलवृत्तांताचे काम होण्याजोगे आहे, आणि ते जावयांच्या आजी-आजोबांपासून सुरू करावे. त्यांच्याकडून जन्म, विवाह आणि मृत्यूची वर्षे व गावे लिहून घ्यावीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. दर दहा वर्षांच्या जनगणनेत १८४१ पासून प्रत्येकाचे नाव मिळते, १८५१ पासून जन्मगावही मिळते, आणि १९२१ पर्यंतच्या याद्या आता लोकांना पाहता येतात. १९३१ च्या याद्या १९४२ मधील आगीत जळाल्या आणि १९४१ मध्ये महायुद्धामुळे जनगणना झाली नाही, त्यामुळे त्या काळासाठी १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही वापरावी लागते. १८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या नोंदवह्या लागतात; त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, पण प्रत्येक गावच्या वह्या तितक्या जुन्या टिकलेल्या नाहीत. होमफर्थचा परिसर पूर्वी वेकफील्डच्या जहागिरीत होता, ही तुमच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू आहे, कारण त्या जहागिरीच्या न्यायसभेची कागदपत्रे १२७४ पासून टिकून आहेत आणि ती आता लीड्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मात्र वॉकर हे आडनाव त्या भागात एका गावात दहा घरांना असू शकते, म्हणून नाव जुळले एवढ्यावर पूर्वज जोडू नयेत. पत्नीचे नाव, मुलांची नावे, घर आणि धंदा जुळतो का, हे पाहूनच पुढे जावे. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या वंशावळींत नेमकी हीच चूक वारंवार आढळते.

मुलीने आडनाव बदलावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही किंवा मी देऊ नये. इंग्लंडमध्ये लग्नानंतर पतीचे आडनाव लावण्याची रीत आहे, कायद्याची सक्ती नाही, भारतातही नाही. तिने माहेरचे नाव ठेवले तर विवाह तितकाच वैध राहतो, दोन्ही आडनावे जोडून लावण्याची पद्धतही तेथे रूढ आहे, आणि वॉकर घेतले तर त्यासाठी सहसा विवाहाचा दाखला पुरतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पासपोर्ट, व्हिसा, बँक आणि नोकरीची कागदपत्रे यांवर एका वेळी एकच नाव असावे. भारतीय पासपोर्टवर एक नाव आणि तेथील कागदांवर दुसरे असे झाले की विमानतळापासून भविष्यनिर्वाह निधीपर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासे करत बसावे लागते. म्हणून तिने जे ठरवायचे ते लग्नाआधी ठरवावे, प्रवासाची तिकिटे त्याप्रमाणे काढावीत, आणि बदल करायचाच असेल तर आधी पासपोर्ट बदलून मग बाकीची कागदपत्रे बदलावीत. घरातील दोन्ही तटांना तुम्ही आई म्हणून सांगू शकता की हा विषय मुलीकडे सोपवला आहे. त्यानंतर त्यावर चर्चा होऊ देऊ नका.

पत्रिकेवर जावयांचे नाव देवनागरीत ‘वॉकर’ असे, वर अर्धचंद्र देऊन, छापावे. ‘वाकर’ किंवा ‘वोकर’ होऊ नये म्हणून मुद्रित आधी त्यांच्या घरी पाठवून घ्यावे. व्याह्यांच्या नावाखाली गाव लिहिताना लीड्सऐवजी आजोबांचे होमफर्थ लिहिलेले त्यांना आवडेल का, हे मुलीकडून विचारून घ्या. आणि लग्नानंतर तुम्ही तिकडे जाल तेव्हा हॅलिफॅक्सला जाऊन ‘पीस हॉल’ पाहून या. गावोगावचे विणकर आपली कापडाची ठाणे विकायला आणत, त्यासाठी १७७९ मध्ये ती भव्य चौकोनी पेठ उघडली गेली आणि ती आजही उभी आहे. जमल्यास आजेसासऱ्यांनाही सोबत न्या, आणि त्यांच्या घरात शेवटचा कापडगिरणीत काम करणारा माणूस कोण होता, हे त्यांना तेथेच विचारा.

आपला,
सदरलेखक